मामा येतोय

ही गोष्ट आजवर माझ्या ओठांबाहेर पडलेली नाही. पत्नीला सांगितली नाही, मुलाला सांगितली नाही. देवापुढे हात जोडतानाही हा मजकूर मी मनात येऊ दिला नाही. आपण मला ओळखत नाही, मी आपल्याला ओळखत नाही — कदाचित म्हणूनच आपल्यासमोर बसून बोलणे जमेल. जमेल का?

आधी माझ्याविषयी. मी अर्जनवीस आहे. तहसील कचेरीबाहेर, पत्र्याच्या शेडखाली टेबल टाकून मी उमेदीची वर्षे काढली. वारसनोंद, अडवलेली वहिवाट, सातबाऱ्यावरचे चुकलेले नाव — अशा कामांसाठी माणसे शेजारचे चार लिहिणारे सोडून माझ्यापुढे रांग लावीत. शिक्षण दहावीपर्यंत, आणि दहावीही पदरात पडली नाही. परंतु माझा अर्ज वाचून साहेब मान वर करून विचारीत, ‘हा कोणी लिहिला?’ आता मी मुलाकडे, सिंगापुरात यिशुनला राहतो. इथेही मोठ्या पगाराची मराठी माणसे रविवारी माझ्याकडे येतात, कारण त्यांचे घर इथे झाले तरी बांधाचे भांडण गावीच राहिले आहे. हे सगळे मी आधी का सांगत आहे? मुद्दा लांबवण्यासाठी? — होय, थोडेसे त्यासाठीही.

माझी थोरली बहीण आक्का. तिचा एकुलता एक मुलगा नितीन. नितीन इथे विद्यापीठात संशोधन करीत होता आणि आईला घेऊन बुओना व्हिस्टाला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होता. तो आक्काला कधी ‘आई’ म्हणाला नाही. एकत्र कुटुंबात वाढला. काका-आत्या तिला वहिनी म्हणत, म्हणून तोही ‘वहिनी’च म्हणायला शिकला, आणि पुढे ते तसेच राहिले. बत्तीस वर्षांचा बाप्या घरात शिरताना दारातूनच ओरडायचा, ‘वहिनी, भूक!’ मला मात्र तो मामा म्हणे. माझी थट्टा करण्याची त्याला सवय होती. ‘मामा, तुमच्या बोलण्याला कोर्ट फीचं तिकीट लावायला हवं,’ असे तो चारचौघांत म्हणायचा, आणि आक्का पदर तोंडाला लावून हसायची. मला राग यायचा. खरे सांगू? अभिमानही वाटायचा.

हा नितीन परिषदेसाठी व्हिएन्नाला गेला आणि तिथे सभागृहातच कोसळला. मेंदूत रक्तस्राव. शुद्धीवर आहे, बोलतो आहे, पण पुढचे सांगता येत नाही — असा निरोप आला. आक्का त्या वेळी खुब्याचे हाड मोडल्यामुळे अंथरुणाला खिळलेली. कूस बदलायलाही तिला माणूस लागे. माझा मुलगा जायला तयार होता. त्याने रजाही टाकली होती. मीच त्याला थांबवले. ‘हे दवाखान्याचं, वकिलातीचं काम आहे,’ मी म्हणालो. ‘साहेबलोकांशी बोलायचं असतं. तुम्हा पोरांना नाही जमायचं.’ हे वाक्य मी उच्चारले, हे आपण ध्यानात ठेवावे.

मुलाने धावपळ करून माझा व्हिसा मिळवला. निघण्यापूर्वी तिथल्या एका नर्सने नितीनच्या कानाला फोन लावून दिला. आक्का पडल्या पडल्या ओरडून सांगत होती, ‘घाबरू नको रे राजा! मामा निघालाय. मामा येतोय!’ पलीकडून तो काहीतरी पुटपुटला. आक्का आमच्याकडे पाहून म्हणाली, ‘बरं म्हणाला.’

मी सकाळी पोहोचलो. सामान हातात घेऊन थेट हॉस्पिटलात गेलो, एवढे माझ्या बाजूने नमूद करता येईल. काचेमागे एक बाई बसली होती. मी नितीनचे नाव लिहिलेला कागद पुढे केला. तिने इंग्रजीत काही विचारले. मला कळले नाही. तिने पुन्हा विचारले. माझ्या मागे माणसे उभी राहिली होती. तेव्हा उमगले — ती नाते विचारते आहे. ‘अर्जदाराशी नाते’ हा रकाना ज्याने जन्मभर भरला, त्याला त्या क्षणी एक इंग्रजी शब्द आठवेना. मी छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, ‘आय... मामा. आय मामा.’

ती हसली. फार नाही — ओठ दाबून. माझ्या मागचा माणूसही हसला. मग तिने एक फॉर्म पुढे सरकवला, खुर्चीकडे बोट दाखवले आणि फोन उचलला. तिला कोणालातरी बोलवायचे असावे. थोडे थांबलो असतो, तर कोणी आले असते. मी थांबलो नाही. बॅग उचलली आणि बाहेर पडलो.

अपमान झाला म्हणून? तेव्हा मी स्वतःला तसेच समजावले. तासाभरात डोके शांत होईल, मग जाऊ, असे म्हणालो. पण डोके शांत व्हायला तास लागतो का? आणि शांत झाल्यावर काय झाले, तेच तर सांगायचे आहे — आणि तिथेच शब्द अडखळतात.

मी ट्राममध्ये बसलो. ती जुन्या शहराला वळसा घालत जाते. काचेबाहेर राजवाडे, पुतळे, बागा. रंगीत कौलांच्या छपराचे एक प्रचंड चर्च पाहिले. आत जाऊन बाकावर बसलो; प्रार्थना केली नाही, खांब पाहिले. एका हॉटेलात चॉकलेटचा केक खाल्ला, वर घट्ट सायीचा गोळा. वाढणाऱ्याने मला ‘सर’ म्हटले आणि मी आणखी एक कॉफी मागवली. दुपारी त्या मोठ्या पाळण्याच्या चाकापाशी गेलो. लाकडी डब्यांचे ते जुने चाक इतके सावकाश फिरते की आपण वर जातो आहोत हे कळतच नाही. डबा अगदी वर असताना आक्काचा फोन आला. मी कापला नाही. उचललाही नाही. वाजू दिला. नंतर मुलाला संदेश पाठवला — ‘त्याच्याजवळ बसलो आहे. काळजी नसावी.’

भीतीने पळालो, एवढेच असते तर मी हे कदाचित सांगितलेही नसते. भित्र्या माणसाला जग समजून घेते. परंतु वस्तुस्थिती अशी की मला तो दिवस आवडला. आयुष्यात प्रथमच माझ्यापुढे कोणाचे गाऱ्हाणे नव्हते, मला कोणी काही विचारत नव्हते. वारा थंड होता, अंगावर मुलाचा कोट होता, आणि मी साहेबासारखा चालत होतो. एका पुलावर तर मी गुणगुणत होतो. त्या वेळी नितीन कुठे होता, हे मला ठाऊक नव्हते का? होते. पूर्ण ठाऊक होते.

दिवे लागायच्या सुमारास परत गेलो. काचेमागे दुसरी बाई होती. तिने नाव वाचले, उठली, आणि मला एका लहान खोलीत नेऊन बसवले. तिथे दोन खुर्च्या होत्या आणि टेबलावर कागदी रुमालांचा डबा. तो डबा पाहिला आणि समजले. त्याला इंग्रजी लागत नाही.

एक नर्स आली. वयाने माझ्याएवढी, डोळे सुजलेले. मला समजावे म्हणून तिने सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितले. दुपारी गेला. त्रास झाला नाही. शेवटपर्यंत बोलत होता. ‘मामा,’ ती म्हणाली. ‘ऑल डे. मामा, मामा.’ आणि तिने दोन्ही हात छातीशी धरून, तान्हे मूल धरावे तसे हलवले. ‘यू टेल हिज मामा.’

त्यांच्या बोलीत मामा म्हणजे आई. सकाळची बाई का हसली, ते मला तेव्हा कळले. मिशा असलेला एक माणूस छातीवर हात ठेवून तिला सांगत होता — मी आई.

नर्सला मी काही सांगितले नाही. मान हलवली. तिने माझा खांदा दाबला आणि त्याच्या खोलीत नेले. ती खोली लहान होती, चारही बाजूंनी भिंती, वर पांढरा दिवा. त्याची मान दाराकडे वळलेली होती.

सिंगापूरला परतलो तेव्हा आक्काने एकच प्रश्न विचारला. रडली नव्हती; मी येईपर्यंत तिने रडणे थोपवून धरले होते.

‘एकटा होता का रे तो?’

‘एकटा कसा असेल आक्का? मी होतो ना.’

‘सकाळपासून?’

‘सकाळपासून. हात हातात घेऊन बसलो होतो.’

‘काही बोलला?’

इथे माझी लेखणी मदतीला आली. ‘आई’ म्हटले असते तर आक्काने तत्काळ ओळखले असते. मी इतका कच्चा नाही. ‘वहिनी म्हणाला,’ मी सांगितले. ‘सारखा वहिनी, वहिनी करत होता.’

मग ती रडली.

त्याने दिवसभर मला हाका मारल्या. मी त्यातला माझा शब्द काढला, तिथे तिचा घातला, आणि तिच्या हाती दिला. ती त्यावर जगते आहे.

आता ती आमच्याकडे, यिशुनला असते. कोणी भेटायला आले की मला बोलावते. ‘सांग ना रे यांना, तो दिवस.’ मी सांगतो. आरंभी थोडे सांगत असे. पण ती विचारत राहते — खोली कशी होती? ऊन येत होतं का? मग मी खिडकी घातली. खिडकीतून रंगीत कौलांचे छप्पर दिसत होते, लांबवर सावकाश फिरणारे चाक दिसत होते, आणि नितीन त्या चाकाकडे पाहत होता, असे सांगितले. मी चोरलेला दिवस असा तुकड्या-तुकड्याने त्याच्या उशाशी नेऊन ठेवला. ऐकणारे डोळे पुसतात. आक्का म्हणते, ‘माझ्या भावानं सोडलं नाही त्याला.’ भाऊबीजेला तिला आधाराशिवाय उभे राहता येत नव्हते, तरी भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिने मला ओवाळले. ताटात ओवाळणी घालायला हात पुढे केला, तर तिने तो धरला आणि डोळ्यांना लावला. हाच हात म्हणे.

आता उरलेले सांगतो.

आक्काला ती खिडकी पाहायची आहे. तिने माझ्या मुलाकडे हट्ट धरला. त्याने हॉस्पिटलाला लिहिले आणि तिकडून होकार आला. त्या दिवशीची नर्स अजून तिथेच आहे. तिला तो मुलगा आठवतो. आईला भेटायला आवडेल, असे तिने कळवले आहे. व्हिसासाठी प्रवासाचा हेतू लिहायचा होता. आक्का म्हणाली, ‘तूच लिही, तुझ्यासारखं कोणाला जमतं?’ मी लिहून दिला. तिकिटे दोन काढली आहेत — तिचे आणि माझे.

जन्मभर मी प्रत्येक अर्जाच्या अखेरीस ‘सबब’ लिहीत आलो, आणि त्यानंतर विनंती. इथे माझ्याजवळ दोन्ही नाही.

सकाळ-संध्याकाळ आक्का खाली, इमारतीखालच्या मोकळ्या जागेत काठी घेऊन चालण्याचा सराव करते. माझी नात तिच्या पुढे उलटी चालते आणि ओरडते, ‘आज्जी, स्लोली ला! डोन्ट रश!’ आक्का दम घेते, हसते, पुन्हा पाऊल उचलते. या खांबापासून त्या खांबापर्यंत. मी बाकावर बसून पाहतो.

तिला इंग्रजी येत नाही. नर्स जे बोलेल त्यातले काहीच तिला कळणार नाही. एक शब्द सोडून.