शार्क माशांविषयी मी दिलेला निकाल

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो सदतिसाव्या वर्षी. त्याआधी दहा-बारा वर्षं पारनेरजवळच्या एका गावात मी तो मुलांना शिकवत होतो. भरती-ओहोटी घंगाळात करून दाखवी. भरतीचं पाणी नेमकं माझ्या धोतरावर येई.

महायुद्ध संपत आलं त्या सुमारास गावातला एक जवान बेपत्ता झाल्याचा सरकारी कागद आला. इंग्रजी जाणणारा मी एकटा, म्हणून तो मीच वाचून दाखवला. त्याची बायको तेव्हा विशीची, मूलबाळ नाही. त्यांच्यात विधवेचा पाट लावायची, म्हणजे पुन्हा लग्नाची, चाल होती, आणि जामखेडकडचा एक बरा बिजवर मागणी घालून गेला होता. पण नवरा आहे की गेला हे ठरल्याशिवाय सासरा होकार देईना.

अशात त्याच पलटणीतला, शेजारच्या गावचा एक शिपाई लढाईवरून सुटून आला आणि आपणहून सांगायला आला. सासऱ्याच्या ओसरीवर माणसं जमली. जवानाची बायको आतल्या दाराशी उभी होती.

"भर समिंदरात चिमुकलं बेट," शिपाई म्हणाला. "भवती पान्याखाली खडकाचं कुंपन. आत गुडघाभर पानी, तिथं मुशीची पोरं हिंडायची. सायेब शार्क म्हनायचा त्या माशाला कोकनातले गडी मुशी म्हनायचे. थोरली भाईर, जिथनं खोल सुरू हुतं तिथं. थोरली पोरांना बी खात्यात, म्हून पोरं आत."

त्यांची होडी कुंपणाबाहेर उलटली होती. याच्या हाताला खडक लागला, आमच्या गावच्या जवानाच्या नाही.

"म्या डोळ्यांनी बगितलं. मासा येक नव्हता, लई हुते."

सासऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, तुमी शिकल्यालं. आसं हुतं व्हय?"

साऱ्या गावाच्या नजरा माझ्यावर. अशा वेळी माझी छाती आपोआप फुगते; घरी ती कोणी फुगू देत नसे. मी बेटाचं नाव विचारलं, शाळेतला नकाशा मागवला, बोट फिरवलं.

"नकाशात नाही," मी म्हणालो, जणू बेट त्याने खिशातून काढलं होतं. मग भूगोलाच्या पुस्तकात वाचलेलं सांगितलं. किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्रात खाणं विरळ, म्हणून मासे विरळ. "आपल्या मुरमाड माळावर वाघ राहील का? खाईल काय, कुसळं?"

हशा पिकला. शिपाई हसला नाही.

"गुरुजी, माळावर येकच झाड आसलं तर मुलखाची पाखरं त्याच झाडावर बसत्यात. आन् पाखरं बसली की ससाना बी तिथंच येतो."

उत्तर इतकं बिनतोड होतं की मला ते कळलंच नाही.

"आणि तुला बरं सोडलं त्यांनी? कडू लागलास वाटतं!"

लोक पुन्हा हसले. शिपाई पाणीही न पिता उठून गेला.

सासऱ्याने मागणीला नकार कळवला. पोरगा कुठेतरी बंदीत असेल, येईल, असंही मीच म्हणालो होतो. बिजवराने त्याच उन्हाळ्यात दुसरी केली. ही दिराच्या संसारात राबत राहिली. रस्त्यात भेटली की पदर सावरून म्हणे, "गुरुजी, तुमच्यामुळं." मी मान डोलवी. त्या वर्षी गावात माझं वजन वाढलं, आणि सगळ्यांकडचा चहा पिऊन अंगाचंही.

चारेक वर्षांनी नव्या मास्तरांना दाखवायला तेच पुस्तक काढलं. मी वाचन जिथे थांबवलं होतं तिथे पेन्सिलीची रेघ होती, शेजारी माझ्याच अक्षरात 'महत्त्वाचे'. पान उलटलं. बेट म्हणजे समुद्राच्या तळातून उठलेल्या डोंगराचा शेंडा. खोलातला प्रवाह त्याला धडकून वर येतो, सोबत खाणं आणतो. त्यावर बारीक जीव जगतात, त्यांवर लहान मासे, त्यांवर मोठे, आकाशात पक्ष्यांचे थवे. आणि उजाड समुद्रातले शार्क लांबलांबून तिथेच गोळा होतात. शिपायाने एका वाक्यात सांगितलेल्या गोष्टीला पुस्तकाने दीड पान घेतलं होतं.

शिपायाकडे जायचं धैर्य झालं नाही. तिच्याकडे गेलो, तेही आठ दिवस तालीम करून.

ती बाजरी खुरपत होती. बांधावर उभं राहून मी सगळं सांगितलं, प्रवाह आणि डोंगरासकट. सवय जात नाही. ती खुरपता खुरपता ऐकत होती. मग हात थांबला.

"म्हंजी त्यो खरं बोलत हुता."

"हो."

"बिगीनं मरतं का वो मानूस? का लई येळ लागतो?"

पुस्तकात ते नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं.

"ह्येच तवा म्हनला आसता तर काय बिघडलं आसतं, गुरुजी?"

 ती पुन्हा खुरपू लागली. ओळ संपवून ती वळली, मी अजून तिथेच आहे हे पाहिलं, आणि खुरपं घेऊन शेताच्या दुसऱ्या टोकाला गेली.