सर्व्हरची खंडेनवमी

खंडेनवमीला आमच्या दैनिकाच्या कार्यालयात शस्त्रपूजा होते. शस्त्रे म्हणजे दोन प्रिंटर, एक स्कॅनर, कागद कापायचे यंत्र आणि सर्व्हर. लेखणी यादीत नाही. ती बरीच वर्षे कुणाकडे सापडलेली नाही.

पूजा व्यवस्थापक करतात. पूजेच्या वेळी शस्त्र चालू नसावे, असा त्यांचा नियम. त्यामुळे वर्षभर एक मिनिटही विश्रांती न घेणारा सर्व्हर त्या दुपारी बंद होतो. नुसता बंद करून भागत नाही. त्याची पिनही भिंतीतून काढतात, कारण आत वीज असेपर्यंत शस्त्र म्यानात गेले असे मानता येत नाही. हा युक्तिवाद मी अकरा वर्षे ऐकला आणि त्यात मला कधी चूक सापडली नाही. चुका शोधणे हेच माझे काम आहे, मी उपसंपादक आहे.

त्या वर्षी आरती झाली, पेढे वाटले गेले, पिन परत लावली. सर्व्हरचे पंखे फिरले आणि काळ्या पडद्यावर एक ओळ आली: सुरू करण्यासाठी डिस्क सापडत नाही.

दसऱ्याच्या अंकाची पाने ज्याच्या त्याच्या संगणकावर लागत होती, त्यामुळे संपादक शांत होते. अडकला होता तो फोटोग्राफर. सिल्लोडकडचा माणूस; अकरा वर्षांत त्याने काढलेला प्रत्येक फोटो त्या सर्व्हरवर होता आणि फक्त तिथेच होता. फोटो ही कार्यालयाची मालमत्ता, घरी प्रत ठेवायची नाही, असे परिपत्रक व्यवस्थापकांनी काढले होते. कार्यालयात पाळले गेलेले हे एकमेव परिपत्रक.

शहागंजहून तंत्रज्ञ आला. त्याने आधी ब्लोअरने कुंकू उडवले. कुंकू व्यवस्थापकांच्या शर्टावर गेले, सर्व्हर होता तिथेच राहिला.

“हार्डडिस्कच नै पकडरा साब,” तंत्रज्ञ म्हणाला. “फॉरमॅट मारके नवा विंडोज डालना पडता.”

“डाला मग,” व्यवस्थापक म्हणाले. “सणासुदीला कटकट नको.”

“अन् माझे फोटो?” फोटोग्राफरने विचारले.

“फोटो काय, पुन्हा काढता येतात.”

“व्हय, काढतो की. सिल्लोडला मक्याची गंजी पेटली होती, ती परत पेटवतो. काडी तुम्ही देता का मी आणू, साहेब?”

व्यवस्थापकांनी त्याला पेढा दिला. त्याने तो घेतला नाही.

तंत्रज्ञाने सेटअपचा निळा पडदा उघडला. पान हातात आले की मी आधी तारीख बघतो. एकदा सोमवारच्या अंकावर रविवार छापून गेल्यापासून ही सवय लागली आहे. पडद्याच्या कोपऱ्यात एक जानेवारी होती, आणि साल सर्व्हर विकत घेतला त्याच्याही आधीचे.

“तारीख चुकली आहे,” मी म्हणालो.

“तुम्हाला इथंही प्रूफच दिसतं का हो?” व्यवस्थापक म्हणाले.

तंत्रज्ञाचा हात मात्र थांबला. “हौ. सेल गया इसका.”

मग त्याने सांगितले ते असे. आत रुपयाएवढा एक सेल असतो. वीज नसताना यंत्राने स्वतःच्या सेटिंग्ज विसरू नयेत एवढेच त्याचे काम. पिन भिंतीत असेपर्यंत तो मेला तरी कुणाला कळत नाही. आमचा बहुधा गेल्या पूजेनंतर केव्हातरी मेला होता. आम्ही पूजेसाठी पिन काढली आणि सर्व्हर सगळे विसरून कारखान्यातून निघाला तसा झाला. विसरलेल्या गोष्टींत डिस्क कंट्रोलरची सेटिंगही होती. चार डिस्क मिळून एक डिस्क, अशी त्याला सवय लावलेली होती. आता तो चारही वेगवेगळ्या मोजत होता आणि कुठलीच त्याला अख्खी वाटत नव्हती.

म्हणजे फोटो जागेवर होते. कंट्रोलर पूर्वीच्या सेटिंगवर न्यायचा एवढेच बाकी होते. पूर्वीची सेटिंग मात्र कुणालाच माहीत नव्हती. पडद्यावर तीन पर्याय होते. भलता निवडून पुढच्या प्रश्नाला ‘हो’ म्हटले, तर चारही डिस्क नव्याने जोडल्या जाणार होत्या, म्हणजे कोऱ्या.

“अंदाजे मारूं क्या?” तंत्रज्ञाने विचारले.

“अंदाज तुझ्या घरच्या टीव्हीवर मार,” फोटोग्राफर म्हणाला. “सर्व्हरला हात लावायचा नाय.”

सर्व्हर बसवणारा इंजिनिअर पुण्याला गेला होता आणि त्याचा फोन बंद होता. जाताना त्याने सगळे लिहून ठेवले आहे, असे व्यवस्थापकांना आठवत होते. कुठे, ते आठवत नव्हते. कपाटे उघडली गेली. एका फायलीत अकरा वर्षांच्या पूजेच्या सामानाच्या याद्या व्यवस्थित लावलेल्या सापडल्या.

फोटोग्राफर सर्व्हरसमोर उकिडवा बसून होता. दर्शनी पत्र्यावर, बरोबर मध्यभागी, हळदकुंकवाचा जाड थर होता. दरवर्षी त्याच जागी व्यवस्थापकांचा अंगठा. त्या थराला एक सरळ कड होती. हळदीला सरळ कड नसते, हे फोटोग्राफरला दिसले. त्याने रुमाल पाण्यात बुडवून पिळला आणि पुसायला सुरुवात केली.

“अहो, आजच्या दिवशी पुसू नका!” व्यवस्थापक म्हणाले.

खाली चिकटपट्टी लावलेली चिठ्ठी होती. बॉलपेनने, मोठ्या अक्षरांत: कंट्रोलर रेडवरच ठेवणे. बदलू नये. सर्वांना दिसावी म्हणून ती समोर चिकटवली होती. पूजेलाही समोरचीच जागा लागते.

तंत्रज्ञाने सेल बदलला, तीन पर्यायांपैकी रेड नावाचा निवडला, सेटिंग जतन केली. चार डिस्क एक झाल्या आणि विंडोज उघडले. व्यवस्थापकांनी हात जोडले आणि पूजा केल्याचे फळ मिळाले, असे जाहीर केले. फोटोग्राफर स्वतःची हार्डडिस्क जोडून फोटो उतरवू लागला आणि ते संपेपर्यंत भिंतीतल्या पिनेसमोर खुर्ची टाकून बसला. परिपत्रकाची आठवण त्याला कुणी करून दिली नाही.

पुढच्या वर्षी पूजा रीतसर झाली. सर्व्हर चालू होता. चालू शस्त्र पूजायचे नाही, म्हणून त्याच्या वाटचे हळदकुंकू लागले ते शेजारच्या टेबलाला. फोटोग्राफरने आपली हार्डडिस्क शस्त्रांच्या रांगेत ठेवली आणि आरती संपण्याआधीच उचलून बॅगेत टाकली.