न धुतलेला थर

पहिल्याच गिऱ्हाइकाचं काम मी बिघडवलं, आणि तेही स्वच्छतेपायी. पंधरा वर्षं प्रसूतिकक्षात काढलेल्या परिचारिकेखेरीज ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती, असं मला अजूनही वाटतं.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी मी नाशिकच्या एका धर्मादाय रुग्णालयात लागले. आई गेली ती त्याच रुग्णालयात, माझ्या कक्षाच्या वरच्या मजल्यावर. तेव्हा मी खाली कामावर होते. त्यानंतर वर जाणारा जिना दिसला की माझे पाय जड व्हायचे. मेट्रननी सहा महिन्यांची बिनपगारी रजा मंजूर केली. "पुस्तकं वाचा, झोप काढा," त्या म्हणाल्या. "पण सातव्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हा. त्यापुढे जागा मला अडवून ठेवता येणार नाही."

मला परत जायचं नव्हतं. पण न जाऊन करायचं काय, हे ठाऊक नव्हतं.

आपल्याकडे बाळाच्या अंगाला पहिलं कापड नवं लावत नाहीत. बाळंतिणीबरोबर येणाऱ्या पिशवीत आजीच्या जुन्या लुगड्याची दुपटी असतात. वर्षानुवर्षं धुऊन सायीसारखं झालेलं सुती कापड बाळाला टोचत नाही. मी अशी किती बाळं गुंडाळून आयांच्या कुशीत दिली असतील! माझी आई गंगापूरच्या बाजूच्या फुलमळेवाल्यांच्या घरातली. पहाटे शेवंती-झेंडूच्या पाट्या बाजारात पोहोचवून आली की दुपारी गोधडी घेऊन बसायची. कडेपासून आत आत फिरत जाणारा धावदोरा मी तिच्याकडूनच शिकले. तिची स्वतःची लुगडी मात्र पलंगाखालच्या ट्रंकेत बंद होती. ती गेल्यापासून मी ट्रंक उघडली नव्हती. आत शेवंतीचा आणि तिच्या तपकिरीचा वास असणार, आणि झाकण उघडलं की तो उडून जाणार, अशी मला भीती वाटे.

रजेत वाचता वाचता मनात आलं, की परदेशी गेलेल्या मुलींच्या पिशवीत ही दुपटी कुठून येणार? त्यांच्या घरची लुगडी इकडेच पडून. ती आपल्याकडे पोहोचली, तर आपण गोधडी शिवून तिकडे पाठवू. इंटरनेटवर आपलं पान कसं तयार करायचं, याचं एक जाडजूड पुस्तक मी आणलं आणि कादंबरीसारखं आडवं पडून वाचून काढलं. भावाचा जुना कॉम्प्युटर माझ्या खोलीत आला. त्याच्याच कॅमेऱ्याने मी आईने शिवलेल्या दोन गोधड्यांचे फोटो काढले आणि पान चढवलं.

वहिनी दारात उभी राहून बघत होती. "वन्सं, बोहारीण जुन्या कपड्यांवर निदान भांडं तरी देते. तुम्ही काय देणार?"

"गोधडी."

"त्यांच्याच लुगड्यांची?"

"त्यांच्याच."

"आणि वर पैसे घेणार?" ती भावाकडे वळली. "अहो, ऐकलंत का? तुमची बहीण बोहारणीच्या पुढे गेली!"

दोन महिने काहीच घडलं नाही. मग अमेरिकेतून एका गृहस्थांचं ई-मेलवर पत्र आलं. मूळचे पंचवटीतले, उपाध्यांच्या घरातले. आई वर्षापूर्वी वारली, आणि आता बायकोला सातवा महिना लागला होता. त्यांचे काका स्कूटरवरून पिशवी घेऊन आले. आत पाच लुगडी होती. गाठ सोडली तसा कापराचा, उगाळलेल्या चंदनाचा आणि त्याखाली थोडा हिंगाचा वास आला. मला तो चांगला आठवतो, कारण त्यानंतर मी जे केलं ते त्या वासाकडे दुर्लक्ष करूनच केलं.

तीन लुगडी मी निवडली आणि मोठ्या पातेल्यात उकळत ठेवली. मग जंतुनाशकाच्या पाण्यातून काढली, पुन्हा खळबळली, गच्चीवर कडक उन्हात वाळवली. नवजात बाळाच्या अंगाशी जाणारं कापड दुसरं कसं हाताळायचं? गोधडी देखणी झाली. पार्सल कापडात शिवून, लाखेचे ठसे उमटवून मी ते पोस्टात दिलं आणि खुशीत घरी आले.

महिन्याभराने उत्तर आलं. "गोधडी फार सुंदर आहे. टाके बघून बायको हरखली. मी मात्र डबा उघडतात तशी घाईने घडी उघडली आणि नाक लावलं. दवाखान्याचा वास आला. तुमचा दोष नाही, मीच सांगायला हवं होतं. पण हिच्यात आई नाही."

पत्रात रागाचा एक शब्द नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. एक तारीख तीन आठवड्यांवर आली होती. मी कपाटातून गणवेश काढला, इस्त्री केला आणि खुंटीला लावला. ज्या कामात माझी इतक्या वर्षांची सवयच आडवी येते, ते काम आपलं नव्हे, असं मनाशी ठरवून पलंगावर बसले. तेव्हा टाचेला ट्रंक लागली.

ट्रंकेला हात न लावणारी मीच होते. आणि दुसऱ्याची ट्रंक मी पातेल्यात उकळून काढली होती.

उरलेली दोन लुगडी अजून पिशवीतच होती, तशीच गाठ मारलेली. पण न उकळलेलं कापड बाळाच्या अंगावर घालायला माझं मन तयार होईना. दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी उत्तर इतकं सोपं निघालं की मला माझंच हसू आलं. गोधडीला थर असतात. ती दोन लुगडी मी फक्त सावलीत झटकून घेतली आणि मधल्या थरात घातली. वरचा आणि खालचा थर माझ्या घरच्या सुती कापडाचा, चांगला उकळलेला. बाळाच्या अंगाला स्वच्छ कापड लागेल, आणि वास टाक्यांच्या भोकांतून आपला आपण बाहेर येईल. कुणी मागितली नव्हती ती गोधडी. सगळी कामं बाजूला टाकून मी ती पुरी केली आणि पोस्टाऐवजी लवकर जाणाऱ्या कुरियरने धाडली.

एक तारखेच्या चार दिवस आधी पत्र आलं. सोबत फोटो होता. गोधडीत आठ दिवसांची मुलगी, आणि तिच्या शेजारी नाक खुपसून पडलेला तिचा बाप. खाली एकच ओळ होती : "आज घरात देवपूजा झाल्यासारखं वाटतंय."

त्यांनी तो फोटो तिकडच्या मंडळींना पाठवला. त्या आठवड्यात सात पत्रं आली. एकीने लिहिलं, "सासूबाईंची धुतली तरी चालतील, आईचं एक मात्र धुऊ नका." ते मी वहिनीला वाचून दाखवलं. वहिनी पोट धरून हसली आणि नंतर पदराने डोळे पुसत म्हणाली, "फोन आले तर मी घेईन हो. तुम्ही शिवा."

एक तारखेला मी रुग्णालयात गेले, पण इस्त्रीचा गणवेश खुंटीवरच ठेवून. मेट्रननी राजीनामा चष्मा वर करून वाचला. मी सगळी हकिकत सांगितली.

"न उकळलेलं कापड?" त्या म्हणाल्या. "मी शिकवलं होतं हे तुम्हाला?"

"फक्त मधल्या थरात, मॅडम."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग सही केली, शिक्का मारला आणि कागद माझ्याकडे सरकवताना हळूच म्हणाल्या, "आमच्या आईची दोन पातळं आहेत घरी. मधल्या थराला पुरतील ना?"

बाहेर पडताना मी मुद्दाम तो जिना चढले. वरच्या मजल्यावर आईच्या खाटेपर्यंत गेले. तिथे एक म्हातारी संत्रं सोलत बसली होती. तिने मला एक फोड दिली. ती खाऊन मी खाली आले.

घरी येऊन ट्रंक उघडली. वास होता. झाकण उघडं ठेवलं तरी तो लगेच कुठे गेला नाही. त्या हिवाळ्यात, नाशिकची थंडी हाडांत शिरायला लागली तेव्हा, मी माझ्यासाठी एक गोधडी शिवली. पायांवर ती घेऊन बसले होते, तर वहिनी चहा घेऊन आली.

"आणि हिचे पैसे कुणाकडून घेणार, वन्सं?"

आई गेल्यानंतर मी पहिल्यांदाच मोठ्याने हसले. चहा गोधडीवर सांडला आणि मी तो डाग धुतला नाही.