'अ'चे तीन बाइट

सिविल लाइन्समधल्या त्या इमारतीची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली, तेव्हा आठ एकोणचाळीस झाले होते. मुलीची प्रवेश परीक्षा चौथ्या मजल्यावर होती. तिथलं दार नऊला बंद होणार होतं. आत आम्ही दोघंच, आणि माझ्या मोबाईलला रेंज नाही.

"बाबा, इसका अलार्म आपने ही बनाया है ना?" माझ्या मुलीला मराठी सगळी कळते, उत्तरं मात्र हिंदीत.

"हो."

"फिर टेन्शन क्या?" तिनं लाल बटण दाबलं.

लिफ्टची पेटी दर सेकंदाला मजला, वजन, दार अशा नोंदी खाली चौकीदाराच्या संगणकाला पाठवते. तो संगणक जुना. नोंदी रांगेत पडून राहतात, पडद्यावर यायला सहा-सात मिनिटं लागतात. संकटाची सूचना त्या रांगेत उभी करून चालणार नव्हतं, म्हणून ती मी सॉकेटमधून, म्हणजे दोन प्रोग्राममधल्या त्याच जोडणीतून, पण तातडीची खूण लावून पाठवत होतो. अशी सूचना रांग सोडून पुढं जाते आणि खाली घंटा वाजते. घंटा चारही मजल्यांवर ऐकू येते.

वाजली नाही.

तिचा हात पुन्हा बटणाकडे गेला. मी मनगट धरलं. "थांब. पहिली सूचना वाचून होण्याआधी दुसरी गेली, तर पहिली हरवते. एकदाच दाबायचं."

"पर पढ़ कौन रहा है, बाबा?"

पाच मिनिटं मी तिचं मनगट धरून उभा होतो, आणि मग आठवलं. चाचण्या मी इंग्रजी A पाठवून केल्या होत्या, चाळीस वेळा. बसवायच्या आदल्या दिवशी वाटलं, आपण मराठी माणसं, 'अडकलो'चा अ का नको? लिफ्टमध्ये आणि खालच्या संगणकात, दोन्ही टोकांना अ घातला. एक अक्षर तर बदललंय, म्हणून पुन्हा चाचणी केली नाही. पण तातडीची खूण एकाच बाइटला मिळते. संगणकात A ला एक बाइट पुरतो, अ ला तीन लागतात. शेवटचा बाइट तेवढा पुढं गेला. खालचा प्रोग्राम अख्ख्या 'अ'ची वाट बघत होता, त्यानं तो टाकून दिला. उरलेले दोन साध्या नोंदींच्या मागं रांगेत.

हे मी तिला सांगितलं.

"मतलब घंटी बजेगी ही नहीं?"

"नाही."

"'अ' आपका है, बाबा. साल तो मेरा जाएगा." तिनं हात सोडवून घेतला आणि बटण दाबत सुटली. मी मोजत होतो. एकतीस वेळा.

आठ एक्कावन्नला वरून आवाज आला, "अंदर कोई है क्या? स्क्रीन पे डिब्बे ही डिब्बे आ रहे हैं!"

"हम हैं, भैया! जल्दी!"

रांगेतले ते अर्धे अ पडद्यावर चौकोन होऊन उमटले होते. एक आला तेव्हा चौकीदारानं लक्ष दिलं नाही. ओळीनं यायला लागले तेव्हा तो उठून वर आला. हातानं चाक फिरवून त्यानं लिफ्ट मजल्याला आणली आणि दार उघडलं, तेव्हा आठ सत्तावन्न. ती मागं न बघता जिना चढली.

मी खाली येऊन अ काढला, A घातला. पण घंटा वाजवून बघता येईना, वर परीक्षा सुरू झाली होती. मग तीन तास लिफ्टसमोर उभा राहिलो आणि येईल त्याला जिना दाखवत राहिलो.