आईसाठी कूलर

कूलर म्हणजे तेव्हा नवलाचीच वस्तू. पत्र्याच्या घरात आईला उन्हाळा सोसेना, म्हणून निपाणीच्या दुकानात मी सगळ्यात महागडा कूलर बघत होतो. शेजारी पंखा घ्यायला आलेल्या एक बाई चालू कूलरच्या वाऱ्यापुढं तळहात धरत होत्या, मग तो गालाला लावून बघत होत्या.

"कुणासाठी, अण्णा?"

"आईसाठी. दमा हाय तिला."

"आमच्या सासूबाईंस्नी बी हुता. असल्या ओल्या वाऱ्यानं लई खोकल्या. आदी आईला हितं आणून बसवा, मग ठरवा."

संध्याकाळी आईला आणून बसवलं. थोड्याच वेळात तिला ढास लागली.

"बंद करा रं ते. अंगणात बाज टाक माझी, तेवढं बास."

त्या उन्हाळ्यात आई अंगणात गाढ झोपायची, आणि मीही.