चाकाखाली लिंबू आणि गाडी ‘डी’वर

मंडळी, माझं डोकं अजून शांत झालेलं नाही.

आज मेहुण्यानं सोनपेठला सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी आणली. सकाळपासून ओव्हरड्राइव्हच्या, म्हणजे हमरस्त्यावर वरचा गिअर पडू देणाऱ्या बटणाचं कौतुक चाललं होतं. पूजेत माझी बायको वाकून चाकाखाली लिंबू ठेवत होती. इंजिन चालू होतं आणि गिअर ‘डी’वर, म्हणजे ‘ड्राइव्ह’वर होता. टिळा लावून घ्यायला मेहुणा खिडकीबाहेर वाकला, तसा ब्रेकवरचा पाय उठला. गाडी सरकली. मी बायकोला मागं ओढलं.

तो हसतोय! “दाजी, म्या रेस दिलीच न्हाई की!”

“आरं, ‘डी’वर रेस न देताच चालती ती! ‘पी’वर, पार्किंगला टाकायची न्हाई का? तुझ्या अक्काचा हात चिरडला असता!”

महादेवानं राखलं. पण मुहूर्त विचारून गाडी घेणारे आपण, गिअरची पी, आर, एन, डी ही चार अक्षरं का विचारून घेत नाही?