गाऱ्हाणं, घरगल्ली आणि बाबांचं पान

देवाने आजवर माझं एकच गाऱ्हाणं ऐकलं, आणि ते नेमकं माझ्याविरुद्ध होतं.

आम्ही काळाचौकीला एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. मूळचे मालवणकडचे. आमच्यात कुठल्याही कामाआधी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. म्हणजे एकाने उभं राहून देवाला सगळी परिस्थिती समजावून सांगायची, काय हवं ते मागायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला 'व्हय महाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. चाळीत हे काम माझ्याकडे आहे. (त्याला अक्कल लागत नाही, आवाज लागतो.) गणपतीपासून नव्या फ्रिजपर्यंत सगळ्यांसाठी मी गाऱ्हाणी घातली आहेत. फ्रिज वर्षाच्या आत बंद पडला, पण तेव्हा लोकांनी दोष कंपनीला दिला.

माझी मुलगी सायली आठवीत आहे आणि शाळेच्या गाइड पथकाची नायिका आहे. गळ्यात स्कार्फ, कमरेला पट्टा आणि चेहऱ्यावर देशाचा कारभार आपल्याकडे असल्याचा भाव. पथकाला एक सेवाप्रकल्प करायचा होता. तो तपासायला बाहेरून एक मॅडम येणार होत्या आणि त्यांना पसंत पडला तर सगळ्या मुलींना बिल्ला मिळणार होता. सायलीने त्या बिल्ल्याचा ध्यास घेतला होता. युनिफॉर्मवर तो कुठे लावायचा ती जागा तिने खडूने आखूनही ठेवली होती. प्रकल्प म्हणून तिने आमची घरगल्ली सुचवली.

घरगल्ली म्हणजे दोन चाळींच्या पाठींमध्ये उरलेली चिंचोळी फट. वरच्या खिडक्यांतून नकोशा वस्तू तिथे जातात, आणि एकदा गेलेली वस्तू कुणाचीच नसते. तिथे काय काय आहे हे माहीत नसल्यामुळेच आम्ही सगळे शेजारी इतकी वर्षं गुण्यागोविंदाने राहत होतो.

रविवारी सकाळी मुली हातमोजे घालून हजर झाल्या. बरोबर त्यांच्या कांबळे बाई होत्या. बाई वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या, त्यामुळे घरगल्ली बघून त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. मी नारळ घेऊन पुढे झालो. (मला कुणी बोलावलं नव्हतं. पण माणसं जमलेली दिसली की माझा घसा आपोआप मोकळा होतो.)

"बाई, गाऱ्हाणं घालू का?"

"घाला की. पण दळवी, कचरा देव टाकत नाही, माणसं टाकतात. काय कबूल करून घ्यायचंय ते माणसांकडून घ्या."

मला मुद्दा पटला. तिथेच माझा घात झाला.

"बा देवा महाराजा," मी आवाज लावला, "आज ह्या पोरींनी जा काम हातात घेतलेला आसा, ता तडीस ने रे महाराजा."

"व्हय महाराजा," चाळ म्हणाली.

खिडक्या भरलेल्या बघून मला जोर चढला. "आणि आजपासून ह्या गल्लीत जो कोण वरसून कचरो टाकतलो, मगे तो माझ्या घरातलो असलो तरी, तेका सगळ्यांसमोर खाली उतरय, तेच्याच हातात झाडू दी, आणि तेच्याकडसून ही गल्ली लख्ख करून घी रे महाराजा."

"व्हय महाराजा."

'माझ्या घरातलो असलो तरी' हे शब्द फक्त वजनासाठी घातले होते. भाषणात घालतात तसे.

मुलींनी दुपारपर्यंत गल्ली साफ केली. पोतीच्या पोती बाहेर आली. त्यात माझी हरवलेली चप्पलही निघाली. ही चप्पल चोरल्याच्या संशयावरून मी दुसऱ्या मजल्यावरच्या परबांशी वर्षभर बोलत नव्हतो. परबांनी चप्पल ओळखली, माझ्याकडे बघितलं आणि घरात निघून गेले.

सोमवारी संध्याकाळी सायली शाळेतून येताना गल्ली बघायला गेली आणि रडकुंडीला येऊन वर आली. गल्लीच्या मधोमध केळीच्या पानाचा तुकडा, भात आणि बांगड्याचं डोकं पडलं होतं. मंगळवारी पान, भात आणि कोलंबीची शेपटं. बुधवारी बुधवारचं. मुली रोज शाळा सुटल्यावर उचलत होत्या आणि रोज दुपारी नवं पडत होतं. मॅडम रविवारी येणार होत्या.

"पप्पा, असंच राहिलं तर बिल्ला गेला. सगळ्यांचाच. आणि गल्ली मी सुचवली होती."

तिचा चेहरा बघून मला खरंच भडभडून आलं. मी तडक परबांच्या दारात गेलो.

"परब, पोरींच्या कष्टांची काही लाज?"

"दळवी," परब शांतपणे म्हणाले, "माका डॉक्टरान मासे बंद केलेत. घरात वासव येणा नाय. माज्या दारात हुबो रवान बांगड्याचा नाव काढू नको, माका त्रास होता."

मी परत वर आलो. आता परबांशी आणखी वर्षभर बोलता येणार नव्हतं.

शनिवारी शाळेला सुट्टी होती. सायली दुपारी जिन्याच्या खिडकीत पहाऱ्याला बसली. जेवणाच्या वेळेला वरून एक कावळा आला, आमच्या चाळीच्या पाइपवर टेकला, चोचीतलं पान त्याने नीट उलगडलं, हवं तेवढं खाल्लं आणि उरलेलं खाली सोडलं. सायलीने मान वर करून तो कुठून आला ते बघितलं. तिसरा मजला. आमचीच खिडकी. खिडकीत माझी आई.

घरात खटला उभा राहिला.

"आई, तू गल्लीत कचरा टाकतेस?"

"कचरो?" आई म्हणाली. "रे बाबू, ता तुज्या बापाशीचा पान आसा."

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. आई जेवायला बसण्याआधी कावळ्यासाठी घास ठेवते हे मला माहीत होतं. पण आपल्या घरातला घास बाहेर जाऊन कचरा होत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. (दुसऱ्यांच्या घरातला होतो, याबद्दल मात्र मला कधीच शंका नव्हती.)

"त्येंका बांगडो आवडायचो," आई म्हणाली. "मी जेवतलंय आणि त्येंका दिवचंय नाय, असा कसा करू? कावळो खाली टाकता, तेका मी काय करू?"

आईला पान बंद कर म्हणायची माझी छाती झाली नाही, आणि सायलीचीही झाली नाही. तिने उठून कांबळे बाईंना फोन लावला आणि सांगितलं, "बाई, कावळा आमचाच आहे." गाइड खोटं बोलत नाही असा त्यांचा नियम आहे. हा नियम घरच्यांनाही लागू पडतो हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत चाळभर झालं. प्रश्न इतकाच उरला की देवाने खाली कुणाला उतरवायचं. आईचे गुडघे दुखतात. कावळा येणार नाही. बाबा तर नाहीतच. मी जिन्यात परबांकडे आशेने बघितलं.

"गाऱ्हाणा तुजा, कावळो तुजो, बापूस तुजो," परब म्हणाले. "माज्याकडे कित्याक बघतस? झाडू घी."

रविवारी सकाळी मी गल्लीत उतरलो. वर सगळ्या खिडक्या भरलेल्या. मी झाडायला लागलो की वरून कुणीतरी 'व्हय महाराजा' म्हणायचं. आठवडाभराचा भात भिंतीला चिकटला होता, तो खरवडून काढला, फिनाइल टाकलं, आणि गल्ली खरोखर लख्ख झाली. तेवढ्यात कांबळे बाई तपासणीच्या मॅडमना घेऊन आत आल्या. मुली रांगेत उभ्या. सगळं जमून आलं होतं.

आणि आईने विचार केला की आज रविवार आहे, ताजा बांगडा केलाय, आजचा एक दिवस त्यांना उपाशी कशाला ठेवायचं.

कावळ्याने सोडलेलं पान माझ्या डोक्यावर उलटं पडलं. भात केसांत गेला, बांगड्याचं डोकं कॉलरवर राहिलं.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "हे कोण?"

"मॅडम," सायली म्हणाली, "ही आमच्या प्रकल्पातली अडचण." तिने आजी, आजोबा, कावळा, गाऱ्हाणं, सगळं सांगून टाकलं. माझी चप्पलसुद्धा. "आजीचं पान आम्ही बंद करणार नाही," ती शेवटी म्हणाली. "गच्चीवर मातीचं ताट ठेवू. पान मी रोज वर नेऊन ठेवीन आणि सांडलेलं आम्ही मुली पाळीपाळीने झाडू."

मॅडमनी वर बघून हाक मारली, "आजी, गच्चीवर चालेल का?"

आईने जरा विचार केला. "चलात. त्येंका गच्चीत बसूक आवडायचाच. हय खिडकीत वारो येणा नाय."

मॅडम हसल्या. मुलींची पाठ थोपटली. मग वही न उघडताच त्यांनी विचारलं, "छान. आता गल्लीचा आधीचा फोटो दाखवा."

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. साफ करायच्या घाईत आधीचा फोटो काढायचा राहून गेला होता.

"आधीचा फोटो नाही, तर काय बदललं हे कळणार कसं? बिल्ल्यासाठी दोन्ही लागतात."

सायलीच्या डोळ्यांत पाणी आलं. कांबळे बाईंनी शांतपणे गल्लीभर नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थांबली.

"दळवी," त्या म्हणाल्या, "डोकं झटकू नका. तसेच उभे राहा."

मुलींना बिल्ले मिळाले. सायलीने तिचा खडूच्या खुणेवर बरोबर लावला. शाळेच्या फळ्यावर प्रकल्पाचे दोन फोटो लागले आहेत, 'आधी' आणि 'नंतर'. गल्ली दोन्हींत सारखीच स्वच्छ आहे. फरक एवढाच, की 'नंतर'च्या फोटोत मी नाही.